बंदुकीचा घोडा आणि बाबांचा अंगठा

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांच्या शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायचा होता. दिवसभर कार्यालयात कारकुनी करायची आणि संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रे करून द्यायची, असा माझा वीस वर्षांचा क्रम आहे. या पोराचे वडील एका संस्थेत बंदूकधारी चौकीदार आहेत. पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, २०१९ च्या दुरुस्तीने तो पाच वर्षांचा झाला, एवढे त्याला समजावून सांगितले आणि अर्ज पुरा केला. तरी पोरगा जाईना. घुटमळत राहिला.

शेवटी म्हणाला, "काका, एक इचारू? बाबाच्या बंदुकीचा घोडा लय जड झाला. ओढल्या जात नाही त्याहिले. आमच्या वर्कशॉपात ग्राइंडर हाये. आतली स्प्रिंग जराशी घासून बारीक केली तर होईन ना हलका?"

मी हातातला पेन खाली ठेवला. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २००६ साली मी माझ्या वडिलांना ऐकवले होते. त्या वेळी जे घडले ते त्याला सांगितले. आपल्या घराघरांत कोणी ना कोणी चौकीदारीत आहे, म्हणून वाचक बंधू-भगिनींनाही सांगावेसे वाटते.

माझे वडील महार रेजिमेंटमधून १९८४ साली निवृत्त झाले. पेन्शन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडे सहा. दुसऱ्याच वर्षी त्यांनी परवाना काढून एक जुनी एकनळी बंदूक विकत घेतली आणि अकोल्यातल्या एका पतसंस्थेत रात्रपाळीचा चौकीदार म्हणून लागले. काठीवाल्या चौकीदारापेक्षा बंदूकवाल्याला पगार जास्त. त्या बंदुकीनेच आमच्या शाळेच्या फिया भरल्या, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही.

ज्यांनी असली बंदूक जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ती बारा बोअरची होती. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढ्या जाडीची होईल, तेवढे नळीचे तोंड. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. वरची कळ बाजूला सारली की नळी पुढे खाली झुकते, मागून एक काडतूस घालायचे आणि नळी पुन्हा बसवायची. बार एकच. बाहेर, अंगठ्याजवळ, लोखंडी घोडा असतो. काही जण चापालाही घोडा म्हणतात. मी म्हणतो तो वरचा, हातोडीसारखा. तो मागे ओढताना पहिला खटका वाजतो तेव्हा घोडा अर्धा चढतो, दुसऱ्या खटक्याला पूर्ण चढतो. मग चाप ओढला की आतली कमान घोड्याला पुढे फेकते, घोडा पिनेवर आपटतो आणि पिन काडतुसाच्या बुडाची टोपी फोडते. घोडा चढवायचे सगळे काम एकट्या अंगठ्याचे.

बाबांचा अंगठा २००६ पर्यंत सत्तावन्न वर्षांचा झाला होता.

आम्हाला काही कळले नव्हते. कळले होते ते आईला. बाबांच्या शर्टांची गुंड्यांची पट्टी काढून तिने त्यांना टिचबटणे लावली होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "गुंड्या तुटतात सारख्या." मी लेखापरीक्षणात घोटाळा शोधणारा बीकॉम, पण घरातला हा घोटाळा मला दिसला नाही. सकाळी गुंडी लावताना बाबांचा अंगठा वळत नव्हता, हे आईने पाहिले होते. त्यांची लाज राखावी म्हणून ती शिलाई मशीनवर बसून गप्प राहिली.

डिसेंबरातली रात्र. त्या दिवशी बाबा डबा घरीच विसरले होते, म्हणून दहाच्या सुमारास मी तो घेऊन पतसंस्थेवर गेलो. अकोल्याचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण तिथली थंडीही वाऱ्यासारखी अंगात शिरते. पायरीवरूनच मला दिसले. बाबा खुर्चीत बसले होते. बंदुकीचा दस्ता दोन गुडघ्यांत घट्ट धरलेला, आणि दोन्ही हातांचे अंगठे एकावर एक ठेवून ते घोडा मागे ओढत होते. नळीचे तोंड त्यांच्या कानशिलाशी होते.

मी "बाबा!" म्हणून ओरडलो. ते दचकले. अंगठे सटकले. खट्ट!

पुढे काही झाले नाही. काडतूस टेबलावर, डब्याच्या जागेवर उभे करून ठेवलेले होते. नळी रिकामी होती. पण बाबांनी कळ सारून नळी उघडली आणि आत पाहिले. मीही पाहिले. मग दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

"एक तारखेले तपासणी हाये," ते म्हणाले. "एजन्सीचा साहेब येते. पाच वेळा घोडा चढवून दाखवा म्हणते. मले दोनदा चढते, तिसऱ्यांदा नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मायले सांगू नको."

धाकटी बहीण तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. माझी नोकरी नवी, पगार जेमतेम. बाबांची बंदूक गेली असती तर ते बिनबंदुकीचे चौकीदार झाले असते आणि बहिणीची फी राहिली असती. हा हिशेब आम्ही दोघांनीही मनात केला, बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने बंदूक न पाहताच सांगितले, "कमानीवर ग्राइंडरचे दोन हात मारतो. पंधरा मिनिटांचं काम. वीस रुपये दे." मला बरे वाटले. नागपूरला परवानाधारक दुकानात जायचे म्हणजे एक किरकोळ रजा, दोघांचे भाडे, मजुरी वेगळी. संध्याकाळी मी बाबांना म्हणालो, स्प्रिंग जराशी घासून घेतली तर घोडा हलका होईल.

बाबा मोठ्याने कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "लेका, कमान हा बंदुकीचा जीव हाये. तिले ग्राइंडर लावतं काय? आन् तो कोण हाये बंदूक खोलणारा? त्याच्यापाशी लायसन हाये?" त्यांचे बरोबर होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. वेल्डिंगवाल्याने ती खोलली असती तर गुन्हा त्याच्यावर आणि आमच्यावरही आला असता. हे मला, कायद्याचे अर्ज लिहिणाऱ्याला, सुचले नव्हते. वीस रुपये तेवढे सुचले.

तपासणीला आठवडा होता. आम्ही नागपूरला गेलो. बंदूक सुटी करून खोळीत, परवाना बाबांच्या आतल्या खिशात, काडतुसे घरीच कुलपात.

दुकानातले कारागीर सत्तरीचे असावेत. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आधी नळी उघडून रिकामी असल्याची खात्री केली, मग बोट घालून पुन्हा केली. बाबांनी उघडून दाखवली होती तरीही. नंतर घोड्याच्या टोकाला दोरीचा फास अडकवला आणि ताणकाट्याने ओढून पाहिले. काटा सात किलोच्या पुढे गेला. चाचांनी बंदुकीकडे नाही, बाबांच्या हाताकडे पाहिले. "कोणतं तेल घालता?" त्यांनी विचारले.

"घरचं. खोबरेल."

चाचा हसले. "डिसेंबरात डोक्याला लावायची बाटली उन्हात ठेवता ना? मग बंदुकीतलं तेल कोणत्या उन्हात ठेवता?"

मला एकदम उजेड पडला. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजते. आमच्या घरची बाटली हिवाळाभर सकाळी पांढरीफटक असायची आणि आई ती चुलीजवळ ठेवायची. रात्रपाळीत, उघड्या व्हरांड्यात, बंदुकीच्या पोटातही तेच होत होते. शिवाय खाण्याची तेले हवेने हळूहळू चिकट होतात. वीस वर्षांचे तेल, त्यावर धूळ आणि जळालेल्या दारूची काजळी. चाचांनी स्क्रू काढून कुलूप, म्हणजे घोड्याची आतली यंत्रणा, बाहेर काढली तेव्हा आत काळी चिक्की जमलेली होती. नखाने खरवडावी लागली.

फौजेत बाबांना शस्त्राचे तेल सरकारी मिळत असे. घरी आल्यावर मशीनच्या तेलाची छोटी बाटलीही त्यांना खर्चाची वाटली. आईच्या शिलाई मशीनच्या खणात ती बाटली कायम असायची. पण तिच्या मशीनचे तेल तिच्या धंद्याचे, ते कसे घ्यायचे, म्हणून त्यांनी कधी हात लावला नाही. काटकसर आमच्या घरात अशी होती.

चाचांनी सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, पुसून कोरडे केले. मग मला जवळ बोलावून दाखवले. घोड्याच्या आतल्या अंगावर एक चकचकीत पट्टा उमटला होता. पावसाळ्यांनी दस्त्याचे लाकूड फुगले होते, त्याने कुलूप एका अंगाने दाबले जात होते आणि घोडा बाजूच्या पत्र्याला घासत होता. ओढणाऱ्याची निम्मी ताकद त्या घासण्यातच जात होती. त्यांनी तेवढे लाकूड कानशीने मोकळे केले, घासणारी जागा गुळगुळीत केली.

मी धीर करून विचारले, "चाचा, कमान थोडी बारीक केली असती तर?"

त्यांनी शांतपणे समजावले. कमान हलकी झाली की घोड्याचा मार हलका होतो. टोपी फुटत नाही, बार फुसका जातो. ज्या रात्री बंदूक लागेल नेमका त्याच रात्री जातो. त्याहून वाईट म्हणजे हलक्या माराने कधी कधी बार उशिरा उडतो. माणूस वैतागून नळी उघडतो आणि काडतूस तोंडापुढे फुटते. म्हणून बार गेला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे. आणि ज्या खाचेत घोडा अडकून राहतो ती खाच काही जण कानशीने उथळ करतात. मग घोडा ओढायला सोपा नाही होत, नुसता पडायला सोपा होतो. बंदूक जमिनीला टेकली तरी सुटते. "जे घासून झिजवायचं ते बाहेरचं," चाचा म्हणाले, "धरून ठेवणारं नाही."

मग त्यांनी एक काम असे केले की ज्याची आम्ही कल्पनाही केली नव्हती. घोड्याच्या शेपटीवर, जिथे अंगठा बसतो, तिथे पूर्वी बारीक चौकड्यांचे चरे होते. वीस वर्षांत बाबांच्या अंगठ्याने ते झिजून आरशासारखे झाले होते. थंडीत, घामात अंगठा तिथून सटकत होता. चाचांनी बारीक कानशीने ते चरे पुन्हा कोरले. मग उडालेले रिकामे काडतूस नळीत घालून, म्हणजे पिनेला मार बसू नये म्हणून, घोडा दहा वेळा चढवून सोडून पाहिला. पुन्हा काटा लावला. पाच किलोच्या आत आला होता. कमानीला कोणी हात लावला नव्हता.

ओढायची रीतही त्यांनी शिकवली. बाबा फौजी, तरी ऐकून घेत होते. घोडा म्हणजे तरफ, म्हणून अंगठा मुळाशी नाही, शेपटीच्या अगदी टोकाला टेकवायचा. अंगठ्याच्या शेंड्याने नव्हे, पहिल्या पेराच्या सांध्याने ओढायचे. दस्ता कमरेच्या हाडाशी कोपराने दाबून धरायचा आणि डाव्या हाताने नळी किंचित पुढे रेटायची, म्हणजे जोर एकट्या अंगठ्यावर येत नाही. तोंड समोर, मोकळ्या जागेकडे. दस्ता गुडघ्यात धरायचा नाही, कधीच नाही. आणि चढलेला घोडा उतरवायचा असेल तर आधी नळी उघडायची, काडतूस काढायचे, मगच घोडा. भरल्या बंदुकीचा घोडा उतरवताना अंगठा सटकला तर बार होतो. चौकीदारांच्या हातून होणारे अपघात असेच होतात, असे ते म्हणाले.

मला तोवर वाटत होते, जड घोडा हा त्रास आहे, वयाचा आणि पगाराचा. त्या दुकानात कळले की तो धोका आहे. जड घोड्यावरचा दमलेला अंगठा केव्हाही सटकणार, आणि तो सटकेल तेव्हा नळी कुठे असेल हे कोणी सांगू शकत नाही. त्या रात्री ती बाबांच्या कानशिलाशी होती.

मजुरी दीडशे रुपये झाली. निघताना चाचा बाबांना म्हणाले, "बंदूक मी हलकी करून दिली. अंगठा मला नाही करता येणार. तो डॉक्टरला दाखवा."

एक तारखेला बाबांनी साहेबापुढे पाच वेळा घोडा चढवला. सहाव्यांदा स्वतःहून चढवला. आईने त्याच दिवशी आपल्या मशीनच्या तेलाची बाटली बंदुकीच्या कपाटात नेऊन ठेवली, काही न बोलता. त्यानंतर दर महिन्याला घोड्याच्या सांध्यात एक थेंब जाई. जास्त नाही, कारण जास्त तेल धूळ धरते.

डॉक्टरने संधिवात सांगितला. गोळ्या, गरम पाण्याचा शेक. दोन वर्षे निभावले. बहीण नर्स झाली, नोकरीला लागली. २००९ च्या जानेवारीत एक दिवस बाबा ड्युटीवरून सकाळी आले आणि म्हणाले, "काल रात्री घोडा चढवला, पर अंगठ्याले समजलंच नाही चढला का नाही." त्याच दिवशी ते एजन्सीत गेले आणि स्वतःच्या तोंडाने सांगितले की आता मला बंदुकीची ड्युटी देऊ नका. कोणी तपासणी घेतली नव्हती, कोणी नापास केले नव्हते. त्यांना दिवसपाळीत फाटकावरच्या नोंदवहीचे काम मिळाले. पगार कमी झाला. घरात कोणी काही बोलले नाही. आईने फक्त त्यांच्या नव्या गणवेशालाही टिचबटणे लावली.

२०१९ साली बाबा कालकथित झाले. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे बंदूक घरात ठेवणे बेकायदेशीर. वारसाला स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. अनेक घरांत हे माहीत नसते आणि बंदूक वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहते. मी अर्ज केला नाही. बंदूक जमा केली. ठाण्यातल्या हवालदाराने रिकामी आहे का विचारले. मी नळी उघडून दाखवली आणि मग बोट घालून पुन्हा पाहिले. घोडा तेव्हाही सहज चढत होता.

एवढे सगळे त्या पोराला सांगून झाले तेव्हा समाजमंदिराचा दिवा लागला होता. तो म्हणाला, "म्हणजे काका, नागपूरले न्यायची?"

"ने," मी म्हणालो. "ग्राइंडरचं मनातून काढ. कोणतं तेल घालतात ते विचार. पण त्याच्या आधी आज घरी जा, जेवायला बस आणि बाबांच्या अंगठ्याकडे बघ. शर्टाची गुंडी ते कशी लावतात तेही बघ."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "माय लावून देते."